त्रेसष्ट मैल

"अस्थी घरात न्यायच्या नसतात," श्रीनिवास म्हणाला. "झाडाला बांधून ठेवायच्या असतात."

आमच्या माळावर झाड नव्हतं. धावपट्टीच्या आसपास झाड असू नये म्हणून खुद्द दाबकेसरांनीच पूर्वी तिथल्या बाभळी तोडायला लावल्या होत्या. आता त्यांच्याच अस्थींना फांदी मिळेना. आम्ही तिघंचौघं कलश घेऊन उन्हात उभे. शेवटी मेकॅनिक रफिकभाईंनी मार्ग काढला. वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक ज्या खांबावर फडफडायचा, त्या खांबाला त्यांनी तो पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला तांब्याचा कलश सुतळीने बांधला.

"सायबास्नी हितंच बरं वाटंल," ते म्हणाले. "जलमभर ह्येच्याकडंच बघत बसलं की."

दाबकेबाई जरा दूर उभ्या होत्या. त्या हसल्या. तीन दिवसांत पहिल्यांदाच.

१९७४ सालचा डिसेंबर होता. वारणेच्या पलीकडच्या उघड्या माळावर आमचा फ्लाइंग क्लब होता. क्लब म्हणजे काय, तर एक पत्र्याचा हँगर, एक ऑफिसची खोली आणि दोन विमानं, त्यातलं एक कायम पोट उघडून पडलेलं. मी तिथे दुय्यम इन्स्ट्रक्टर होतो. मुख्य इन्स्ट्रक्टर कॅप्टन वामन दाबके. उडायला मला त्यांनीच शिकवलं, आणि माझ्यासारख्या शंभरेक पोरांना. माणूस बोलायला गोड, पण काही बाबतीत अगदी हटवादी. त्यांतली एक बाब म्हणजे मैल.

सर सांगायचे, "जमिनीचा मैल म्हणजे रोमन शिपायाची हजार पावलं. आपण काय चालत जाणार आहोत? आपला मैल सागरी. पृथ्वीच्या पोटावर अंश आखले, एका अंशाचे साठ भाग केले, त्यातला एक भाग. खुद्द पृथ्वीने कापून दिलेला तुकडा आहे तो. जमिनीच्या मैलापेक्षा चांगला दहा-पंधरा टक्क्यांनी मोठा. तो सोडून लहान तुकडा का उचलायचा?"

आमच्या विमानाची वेगाची तबकडी सागरी मैलांची, नकाशावरची पट्टी सागरी मैलांची. चुकून कुणाच्या तोंडून जमिनीचा मैल निघाला, तर शिक्षा ठरलेली होती. संध्याकाळी बादली घ्यायची आणि विमान धुवायचं. नियम सगळ्यांना सारखा होता. एकदा क्लबचे अध्यक्ष सभेत बोलता बोलता जमिनीच्या मैलात घसरले, तर सरांनी त्यांच्याही हातात फडकं दिलं. समुद्रापासून इतक्या दूर, ज्वारीच्या शिवारात राहून आम्ही सगळे खलाशांच्या मैलात बोलायचो. गावातले लोक हसायचे. आम्हाला मात्र त्यात मोठा रुबाब वाटायचा.

ऑफिसच्या खोलीत बसल्यावर श्रीनिवासने विषय काढला. हा सरांचा पुतण्या, पुण्याला बँकेत होता. सरांना मूलबाळ नव्हतं, म्हणून अग्नी यानेच दिला होता. सरळ माणूस, पण प्रत्येक गोष्ट गुरुजींना विचारून करणारा.

"काकू, काकांचं शेवटचं बोलणं इंगवल्यांना सांगा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. चार वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त होऊन त्या क्लबच्या मागच्या क्वार्टरमध्ये राहायला आल्या होत्या. तोवर खाली कोकणात कुठेतरी शिक्षिका आहेत, एवढंच आम्हाला माहीत होतं. सुट्ट्यांत यायच्या, सुट्ट्या संपल्या की जायच्या. सरांच्या घरच्या गोष्टी त्यांना विचारायची आमची छाती नव्हती.

"बोलणं म्हणजे काय," बाई म्हणाल्या, "आवाज फुटत नव्हता त्यांना. माझा हात धरला आणि म्हणाले, दोनशे पंच्याऐंशी, त्रेसष्ट मैल. तिथे सोड मला. तू स्वतः सोड. बस, एवढंच."

"दोनशे पंच्याऐंशी?" मी ताडकन उठलो. "बाई, ही तर आमची पोरांची वाट!"

भिंतीवर नकाशा होता. विद्यार्थ्याला एकट्याने दूरचं उड्डाण करायला लावतात, त्याची आमच्या क्लबची पहिली रेघ दोनशे पंच्याऐंशी अंशांची. म्हणजे पश्चिमेच्या जरा वर, सह्याद्री ओलांडून सरळ कोकणात. पंचावन्न मैलांवर एका सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर, ती रेघ थांबायची आणि तिथून वळून परत फिरायचं. मी पट्टी लावली आणि रेघ पुढे वाढवली. पंचावन्न, अठ्ठावन्न, साठला किनारा. त्रेसष्टवर पेन्सिल टेकवली ती निळ्या रंगात.

"समुद्र," मी म्हणालो.

"अगदी योग्य!" श्रीनिवास खूश झाला. "गुरुजी म्हणालेच होते, वाहतं पाणी नाहीतर सागर."

मी खूश व्हायचं कारण वेगळं होतं. मला त्यात सरांचं मन दिसलं. जन्मभर त्यांनी आम्हाला पंचावन्नला वळायला लावलं. पोरांना समुद्रावर न्यायचं नाही, हा त्यांचा दंडक. आणि आता स्वतः त्या वळणापाशी न वळता सरळ पुढे जायचं म्हणत होते, आणखी आठ मैल. मला भरून आलं. मी ते तसं बोलूनही दाखवलं.

बाई नकाशाकडे बघत होत्या.

"समुद्र?" त्यांनी विचारलं. "नीट मोजलंस ना, प्रल्हाद?"

"मोजण्यात काय चुकायचंय, बाई?"

"तसं नाही. मला नकाशातलं काही कळत नाही. भूगोल शिकवला जन्मभर, पण भिंतीवरचाच." त्यांनी पट्टीवर बोट ठेवलं. "मैल सगळीकडे एकच असतो ना?"

"आभाळात एकच," मी म्हणालो. मोठ्या ऐटीत म्हणालो. "सरांनी दुसरा ठेवलाच नाही."

बाईंनी मान हलवली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी पडल्यासारखं झालं, ते मला दिसलं. मला वाटलं, दुःखच ते. माणूस गेल्यावर चेहरा आणखी कसा असणार?

सकाळी धुकं विरायच्या आत आम्ही निघालो. विमान दोन आसनांचं. श्रीनिवासला जागाच नव्हती. त्याने बाईंना काय म्हणायचं, तोंड कुठल्या दिशेला करायचं, तीळ कधी टाकायचे ते तीन-तीनदा सांगितलं. रफिकभाईंनी बाईंच्या बाजूच्या दारातून मोटारीच्या रेडिएटरचा जाड रबरी पाइप बाहेर काढून दिला होता, वर पत्र्याचं नरसाळं.

"हातानं उडवू नगा हां," ते बाईंना समजावत होते. "वारं सगळं मागारी तोंडावर फेकतंय. ह्यात वता, निवांत खाली जातंय."

आपल्या जुन्या साहेबाच्या अस्थींसाठी पाइप बसवताना त्यांनी प्रत्येक जोड दोन-दोनदा आवळला होता. पण सांगितलं त्यांनी अगदी गिरणीतलं पीठ दळून घ्यायला सांगावं तसं, आणि त्यामुळे आम्हाला धीर आला.

"बाई, पहिलंच उड्डाण ना तुमचं?" मी पट्टा आवळताना विचारलं.

"पहिलंच."

मला नवल वाटलं. वैमानिकाची बायको, आणि कधी विमानात बसली नाही! पण तेवढ्यात इंजिन चालू झालं आणि बोलणं बुडालं.

वर आलो. वारणेचं पात्र मागे सुटलं. उसाचे फड धुक्यातून हिरव्या कडांनी डोकावत होते, गुऱ्हाळांचे धूर सरळ उभे होते. बाईंनी कलश मांडीवर घेतला होता, दोन्ही हातांनी धरून. प्रवासात झोपलेलं मूल घेऊन बसतात तशा बसल्या होत्या. सुरुवातीला त्यांनी डोळे मिटले होते. मग एक उघडला. मग दुसरा. मग त्या खिडकीशी जाऊन चिकटल्या त्या चिकटल्याच.

"किती झाले?" त्या ओरडल्या. इंजिनाच्या घरघरीत ओरडूनच बोलावं लागायचं.

"वीस!"

सह्याद्री आला. या बाजूने तो मोठा वाटत नाही, जमीन हळूहळू चढत जाते आणि एकदम संपते. पायाखालून सगळंच काढून घेतल्यासारखं वाटतं. कडा ओलांडला आणि खाली कोकण नव्हतंच. होतं ते नुसतं पांढरं. दऱ्या, नद्या, गावं, सगळं धुक्याने भरून गेलं होतं, आणि त्यातून फक्त उंच सडे वर आले होते, तांबूस, सपाट, एकामागे एक. ऊन कोवळं होतं. आमची सावली त्या धुक्यावरून पळत होती आणि तिच्याभोवती इंद्रधनुष्याचं एक कडं होतं.

"समुद्र आला का रे?"

"नाही बाई, धुकं आहे!"

"मला वाटलं, आलाच." त्या बराच वेळ त्या सावलीकडे बघत राहिल्या. "ते काय आहे? ते गोल?"

"आपलीच सावली. सर म्हणायचे, ते कडं ज्याचं त्याला दिसतं."

मी दोन हजार फुटांवर उतरायला लागलो. घाट ओलांडला की खाली उतरायचं, हीही सरांचीच शिकवण. त्या वळणाच्या जागेला खूण म्हणावी असं काही नव्हतं. रेल्वे नाही, नदी नाही, किल्ला नाही. नुसता सडा, एक चौकोनी कौलारू इमारत आणि एक तळं. आम्ही विद्यार्थी असताना त्या जागेला शिव्या घालायचो. अहो, वळायचंच तर एखाद्या मोठ्या पुलावर वळवा, पोरं चुकणार नाहीत! पण सर ऐकत नसत. "सोपी खूण सापडली तर शिकलात काय?" म्हणायचे. आणि वर आणखी एक विधी होता. तिथे पोचलं की वळायच्या आधी दोन्ही पंख तीन वेळा हलवायचे. कशाला? तर, विमानाचे कंट्रोल मोकळे आहेत ना, कुठे अडकत नाहीत ना, याची खात्री करायला. दुसऱ्या कुठल्या क्लबात ही पद्धत मी ऐकली नाही. पण आम्ही ते केलं, आणि इन्स्ट्रक्टर झाल्यावर मी माझ्या पोरांनाही तेच शिकवलं. कारण विचारलं तर तेच कारण देत होतो, खोकून.

इंजिनाची एकसुरी गुणगुण, कोवळं ऊन, खाली ते पांढरं. मलाही अर्धवट गुंगी आल्यासारखं झालं होतं. वाटत होतं, सर उजव्या बाजूला बसलेत आणि मी अजून शिकतोच आहे. पंचावन्न मैल झाले. खाली सडा आला, कौलं आली. वळायचं नाहीये, सरळ जायचंय, हे मला नीट ठाऊक होतं. पण हातांना कुठे ठाऊक होतं? हातांनी आपणहोऊन दांडा डावीकडे नेला, उजवीकडे नेला. विमान डुललं. पुन्हा. पुन्हा.

"अगं बाई!" बाईंनी कलश छातीशी धरला. "काय झालं?"

"काही नाही, काही नाही! सवय! घाबरू नका!"

"सवय?"

"सरांचा नियम! या जागी पंख हलवायचे! सगळीच पोरं हलवतात!"

त्यांनी खाली पाहिलं. मीही पाहिलं. कौलारू इमारतीतून ठिपके बाहेर सांडत होते. पांढरे सदरे, निळ्या चड्ड्या, वेण्या. तळ्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेत ते सगळे धावत आले आणि हात वर करून नाचायला लागले. हे मी दर वेळी बघत आलो होतो. विमान दिसलं की कुठलीही पोरं धावतातच, त्यात काय विशेष?

बाईंनी माझं मनगट धरलं. बोटं बर्फासारखी गार होती.

"प्रल्हाद, ही माझी शाळा आहे."

"काय?"

"ही माझी शाळा! ते तळं बघ. तो पायऱ्यांचा दगड. घंटेची कमान... इतकी एवढीशी दिसते होय?" त्यांचा आवाज फाटला. "तेवीस वर्षं काढली मी इथे. पण तू तर म्हणतोस, त्रेसष्ट समुद्रात आहेत. ही किती मैलांवर आहे?"

"पंचावन्न!"

"नाही. त्रेसष्ट. मला ते कायम त्रेसष्ट म्हणायचे. सात तास लागायचे बसने घाटातून यायला. मी कटकट करायची, तर म्हणायचे, इंदू, सरळ रेषेत तू माझ्यापासून फक्त त्रेसष्ट मैल आहेस. काल तुम्ही समुद्र म्हणालात, तेव्हापासून..."

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. पण मला कळलं. काल दुपारपासून ही बाई मनात एकच गोष्ट घेऊन बसली होती: जन्मभर नवऱ्याने आपल्याला जो आकडा सांगितला, त्या जागी आपण नव्हतोच. तिथे नुसतं पाणी होतं. तो थट्टा करत होता, की त्याला शेवटी आपली नाही, समुद्राचीच आठवण आली? आणि यातलं एक अक्षर न बोलता ती कलश घेऊन समुद्राकडे निघाली होती, कारण त्याने सोड म्हटलं होतं.

मी वर्तुळात वळलो. डोक्यात हिशेब करायला क्षणभर लागला. जमिनीच्या मैलांचा हिशेब मी कित्येक वर्षांत केलाच नव्हता. पंचावन्न सागरी मैल म्हणजे जमिनीचे किती? पंचावन्न आणि वर आठ.

त्रेसष्ट.

"बाई," मी म्हणालो, आणि मला एकदम हसू फुटलं आणि डोळ्यांतून पाणीही यायला लागलं, दोन्ही एकाच वेळी. "बाई, घरी सर कुठले मैल वापरायचे?"

"कुठले म्हणजे? मैल ते मैल. रस्त्यावरच्या दगडांवर असायचे ते. मला दुसरे कुठले कळणार?"

"बाई, सरांनी तुम्हाला जमिनीचे मैल सांगितले! आम्ही कुणी ते बोललो असतो, तर विमान धुवायला लावलं असतं. तुमच्यासाठी ते स्वतः जमिनीच्या मैलात बोलायचे. हीच जागा. हीच ती त्रेसष्ट. तुम्ही बरोबर होता. सरही बरोबर होते. मीच गाढव."

बाईंनी कलशाकडे पाहिलं. "आधी सांगायचं नाही का हो," त्या हळूच म्हणाल्या. माझ्याशी नव्हत्या बोलत. पण त्यांच्या ओठांवरून मला वाचता आलं.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि एकदम शिक्षिका झाल्या.

"आता इथे नको."

"का?"

"खाली पोरं आहेत ना! पोरांच्या अंगावर टाकू का?"

"थांबू या. जातील आत."

"जातात कसली! विमान दिसेनासं होईपर्यंत कार्टी आत जात नाहीत. छडी घेऊन उभी राहायची मी, तरी नाही." त्या हसल्या. "आणि खरं सांगू? पहिली मीच बाहेर यायची. दर शनिवारी, कधी बुधवारी. पोरं विचारायची, बाई, विमान आपल्यालाच का सलाम करतं? मी म्हणायची, तुम्ही पाढे म्हणता ना नीट, म्हणून."

आता मला समजलं, तिथे नदी, पूल, किल्ला का नव्हता. शंभर पोरांनी या सड्यावर पंख हलवले होते. वादळी हवेत, उन्हात, घाबरत, घामाघूम होत, कंट्रोल मोकळे आहेत का बघत. आणि प्रत्येक वेळी दाबकेसर आमच्या हाताने बायकोला हात करत होते.

"मग काय करू या?" मी विचारलं.

"जा पुढे. समुद्राकडे जा. दिसेनासे होऊ. मग पोरं आत जातील."

आम्ही पुढे गेलो. किनारा आला, धुकं संपलं, आणि खरा समुद्र दिसला, शांत, करडा, उन्हाने मधेच चमकणारा. मी वळलो नाही. वळावंसं वाटेना. त्रेसष्ट सागरी मैलांपर्यंत गेलो, जिथे काल मी पेन्सिल टेकवली होती. बाईंनी तिथे हात जोडले. श्रीनिवासने दिलेले तीळ त्यांनी नरसाळ्यात टाकले.

"त्याच्या गुरुजींचं राहायला नको," त्या म्हणाल्या.

मग मी वर चढलो, खूप वर, आणि परत जमिनीकडे फिरलो. सडा लांबून दिसायला लागला तेव्हा इंजिन अगदी मंद केलं. घरघर विरून गेली. उरला नुसता पंखांवरून जाणाऱ्या वाऱ्याचा सुस्कारा. आम्ही घारीसारखे तरंगत खाली यायला लागलो. आता ओरडायची गरज नव्हती. बाई अगदी घरातल्या आवाजात बोलायला लागल्या.

"लग्न झालं तेव्हा ठरलं होतं, मी शाळा सोडून वर यायचं. पण दुसरी बाई मिळेना. सड्यावर कोण येतंय? एक वर्ष थांबू म्हटलं. ते म्हणाले, थांब. मग आणखी एक. माहेरचे, सासरचे सगळे नावं ठेवायचे. हा कसला संसार, एक घाटावर, एक खाली. ते म्हणायचे, बोलू देत. आपल्यामध्ये आहे काय? एक डोंगर तर आहे." त्यांनी कलश जवळ ओढला. "मी म्हणायची, मला एकदा विमानातून न्या. तर म्हणायचे, छे. तू वर बसलीस तर खाली कोण राहील? मी हात कुणाला करू?"

मी विमानाचं नाक शाळेच्या कौलांकडे धरलं.

खाली अंगण रिकामं होतं. पोरं आत गेली होती. कदाचित पाढे चालू असतील. धुकं वर आलं होतं आणि सड्याच्या कडांना लागलं होतं. शाळा, तळं आणि थोडं पिवळं गवत, एवढंच काय ते जमिनीवर शिल्लक होतं. आम्ही इतके हळू उतरत होतो की उतरतोय असं वाटतच नव्हतं. सडाच वर येत होता.

"तळ्यावर," बाई म्हणाल्या. "पाणी आहे. पोरं तिथे पोहायला शिकतात. त्यांना पोरांचा कलकलाट आवडायचा."

मी विमान तळ्याच्या रेषेत आणलं. त्यांनी फडक्याची गाठ सोडली. मंत्र वगैरे काही म्हटला नाही. कलश नरसाळ्यात रिकामा करताना त्या वाकल्या आणि म्हणाल्या, "उतरा. आलं."

बस, एवढंच. एसटीतून उतरताना म्हणतात तसं.

मागे वळून पाहिलं तर करड्या राखेची एक पातळ रेघ हवेत लांबत गेली, उन्हात क्षणभर उजळली आणि तळ्यावर विरून गेली. विमान पुष्कळ खाली आलं होतं. मी इंजिन पूर्ण चालू केलं आणि ते गर्जून उठलं.

झालं! पोरं पुन्हा बाहेर. या वेळी त्यांच्यामागे नवे मास्तरही, छडी हलवत. बाई हसत सुटल्या. त्यांनी खिडकीच्या काचेला तळहात टेकवला आणि मी पंख हलवले. तीनदा नाही, किती वेळा ते मोजलं नाही.

परत आलो तेव्हा श्रीनिवास धावपट्टीच्या कडेला उन्हात उभा होता.

"काकू, सगळं नीट झालं ना? त्रेसष्ट मैलांवरच सोडल्या?"

"अगदी त्रेसष्ट," बाई म्हणाल्या.

"पाण्यात?"

"पाण्यात."

श्रीनिवासने समाधानाने हात जोडले. रफिकभाईंनी माझ्याकडे बघून भुवई उंचावली. इंजिन किती वेळ चाललं ते त्यांना टाकीतल्या पेट्रोलवरून कळायचंच. रिकामा कलश त्यांनी धुऊन बाईंना दिला.

तेरावं झाल्यावर बाई खाली निघून गेल्या, शाळेशेजारीच खोली घेऊन राहिल्या. श्रीनिवासने पुष्कळ समजावलं, पुण्याला चला म्हणून. त्या म्हणाल्या, मला इथूनच बरं दिसतं. त्यानंतर कितीतरी वर्षं मी विद्यार्थी घेऊन त्या वाटेने गेलो. पोरांच्या घोळक्यात, जरा बाजूला, एक ठिपका हलत नसे. नुसता उभा असे. मी पंख हलवायचो. शेजारचा विद्यार्थी विचारायचा, सर, हे कशासाठी? मी म्हणायचो, कंट्रोल मोकळे आहेत ना, बघायला. आता खोकावं लागत नसे.

बाईंना जाऊनही बराच काळ लोटला. त्या जागेवरचं आमचं वळण मी बदललं नाही.

निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. एक विद्यार्थिनी पहिल्यांदाच एकटी दूर जाणार होती. मोठी हुशार पोरगी. नकाशा पसरून, पट्टी हातात घेऊन तिने विचारलं, "सर, पहिलं वळण किती मैलांवर?"

"त्रेसष्ट," मी म्हणालो.

तिने पट्टी लावली, परत लावली, आणि चाचरत वर पाहिलं. "पण सर, इथे तर पंचावन्न येतात."

खोलीतली सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. क्लबचा नियम त्यांना पाठ होता, मीच घोकून घेतला होता.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी बाह्या सारल्या, बादली भरली आणि विमान धुवायला घेतलं.